आधी डोंगर की आधी सिंह

आधी डोंगर की आधी सिंह,
सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच.
मोशीच्या बस स्टँडमागे, शिंप्याच्या डोक्यावर माझं ऑफिस:
टेबल, पंखा, आणि महिन्याचे चौकोन आखलेला फळा.
निळा खडू म्हणजे चढण.
पिवळा म्हणजे गवत.

मी सांगते, आधी डोंगर.
सफारीची धूळ घशात बसते,
आणि खालचा साधा खोकला
चार हजार मीटरवर साधा राहत नाही.
शिवाय उतरलेल्या माणसाचे गुडघे
फक्त बसायच्या लायकीचे उरतात,
आणि जीपमध्ये बसायचंच तर असतं.
जनावरं येतात, किंवा येत नाहीत.
शिखरासारखी ती एका जागी उभी राहून
तुमची वाट पाहत नाहीत.

सात चौकोन निळे, माचामेच्या वाटेचे.
मग एक कोरा.
हा कोरा दिवस पाहुणे नेहमी पुसायला सांगतात.
मी पुसत नाही.
त्या दिवशी ते दुपार टळेपर्यंत झोपतात,
उठून कॉफी मागतात,
आणि दारातल्या बुटांकडे बघतात
भांडून गेलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसे.
मग पिवळा: तारांगिरे, गोरोंगोरो.

जुलैत बर्गेनहून सहा जण आले.
त्यातल्या टोरलाइव्हला तिसऱ्या रात्री
बारांकोच्या तंबूत उलट्या सुरू झाल्या.
पहाटे त्याला खाली आणलं माझ्या भावाने, एलियापेंडाने,
त्याची सॅक पाठीवर, आणि त्याचा हात खांद्यावर.
सफारीचे पैसे भरलेले होते. मी म्हटलं, थांबा,
बाकीचे उतरले की सगळे मिळून जा.
तो म्हणाला, डोंगराने परत पाठवलं,
आता हत्तींना काय तोंड दाखवू?
थट्टेत म्हणाला, पण विमान खरंच पकडलं.

सहावी खुर्ची रिकामी.

एलियापेंडा अकरा वर्षं ओझी वाहतोय.
बाराफूच्या कॅम्पवरून दर खेपेला
उजाडताना बघतो, डोंगराची सावली
पश्चिमेच्या मैदानावर किती लांब जाते ते.
त्या मैदानात तो कधी उतरला नव्हता.
मी म्हटलं, बस जीपमध्ये. त्याने शर्टाला इस्त्री केली.

पुढचं मला म्फिनांगा ड्रायव्हरने सांगितलं.
दिवसभर तो पिशवी मांडीवर घेऊन बसला.
खाली ठेव म्हटलं तर म्हणे, असू दे.
तारांगिरेत एक हत्तीण रस्ता ओलांडत होती,
पोटाखाली पिल्लू, कसली म्हणून घाई नाही.
बर्गेनवाल्यांचे कॅमेरे पावसासारखे वाजत होते.
हा हळूच विचारतो, वजन किती असेल हिचं?
म्फिनांगा म्हणाला, तीन टन धर.
थोडा वेळ गप्प.
गेटवर माणशी वीस किलो मोजून देतात.
म्हणजे दीडशे माणसं लागतील, तो म्हणाला.
आणि मग, ती नजरेआड झाल्यावर:
सगळं एकटीच नेते.

घरी आला तेव्हा भुवयांपर्यंत लाल.
आईने मटोरी केलं होतं, केळ्याचं, मटण घालून.
तीन वाट्या प्यायला, हत्तीणीबद्दल चकार शब्द नाही,
फक्त पिल्लाच्या चालीची एकदा नक्कल केली
आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला.
मग त्यालाही लागला.
त्याचा थांबेना.

सोमवारी त्याला पुन्हा वर जायचं होतं.
फळ्यावर ती रांग मीच निळी केली होती,
जर्मनीचे नऊ जण, आगाऊ रक्कम जमा.
आधी सिंह, मग डोंगर:
मी कुणालाही न सुचवलेला क्रम
माझ्याच घरात लागला.

रात्री त्याच्या पिशवीत आलं कोंबलं,
सोललेलं, फडक्यात बांधून,
गेटवरच्या काट्याला कळणार नाही इतपत.
त्याने सकाळी ते बाहेर काढलं,
हातावर तोललं,
अर्धं मोडून मला परत दिलं.